दोन पेले

बोलणं गेल्यापासून आई पाणी हवं असलं की पलंगाच्या कडेवर चमचा वाजवायची. ती जाऊन महिना झाला. आज सकाळी तिच्या खोलीत टकटक झाली, तशी लेक शिलाई मशीन सोडून पेला भरून धावली. दारात तिला आपला वेडेपणा कळला. खिडकीच्या चौकटीवर सुतारपक्षी बसला होता. तुरा लालभडक, चोच मशीनच्या सुईसारखी चाललेली. तिनं पेला ठेवला आणि मोबाइलवर चार फोटो काढले. फोटो झकास आले. तिला मात्र काहीच वाटेना. पक्षी उडाला. परत यावा म्हणून तिनं उशाशी पडलेला चमचा पलंगावर वाजवला. नुकतेच फिरून आलेले बाबा स्वयंपाकघरातून ओरडले, “आलो गं, जरा दम धर.” पाय ओढत ते आले, हातात भरलेला पेला. “सुतारपक्षी आला होता,” ती म्हणाली. “दाखव,” म्हणत त्यांनी पेला पेल्याशेजारी ठेवला.