बर्फावरचा वारा

अंटार्क्टिकाहून नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला, की आमची चार वर्षांची शाल्मली पडद्यामागे दडायची. वर्षभरात ती बाबाला विसरतच चालली होती. “लाजतेय रे,” मी सांगायचे. त्याचा चेहरा उतरायचा.

आज त्याने फोन एका खोक्याला टेकवून बर्फालगत ठेवला आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला. वाऱ्यासोबत रव्यासारखं कोरडं हिम सरसरत निघालं होतं. उंचवट्यावर चढत होतं, पलीकडे सांडत होतं, जाता जाता लाटा कोरत होतं. सगळी जमीनच गावाला निघाल्यासारखी. मीही बघत राहिले.

पडदा हलला. “कोण ढकलतंय बर्फाला?” शाल्मलीने विचारलं.

“वारा,” तो जपून म्हणाला. “फुंकर घालून पार समुद्रापर्यंत नेतो.”

ती पुढे आली, गाल फुगवले. “बाबा, तुला फुंकते. घरी ये.”

“अगं, अशाने मी उलटा लांब उडेन की.”

ती जरा विचारात पडली. मग ओठांचा चंबू करून तिने मोठ्ठा श्वास आत ओढायला सुरुवात केली.

तिकडे अवजड बूट घातलेला बाबा, हिम तुडवत, एकेक पाऊल पुढे सरकू लागला.