येते म्हण

"लाल सलाम, आई."

भरदुपारी दारात विशाखा उभी. भाकरी थापता थापता ताराबाईचा हात परातीतच थांबला. अण्णा लोकांबरोबर, म्हणजे नक्षल्यांबरोबर, जंगलात गेल्यापासून लेक पहिल्यांदा दिसत होती, तीही वाळून नुसती काडी झालेली. जीव तिच्याकडे धावला खरा, पण तोंड कुठलं ऐकायला! शाळेत पोरांना दटावायची सवय लागलेलं तोंड ते.

"या घरात जय भीम म्हणतात. विसरली काय?"

"विसरली नाई. जय भीमनं तुले मास्तरीण केलं, आई. पण इंद्रवेल्लीत पोलिसायच्या गोळ्या खाल्ल्या त्या गोंडायले काय भेटलं?"

"अन् तू बंदूक घेऊन त्यायले काय देऊन राह्यली?"

बाजेवर ताराबाईची आई प्रयागबाई बसली होती. म्हातारीला लांबचं ना दिसायचं, ना ऐकू यायचं, पण ही चकमक अगदी कानाशी चालली होती.

"काऊन भांडता वं?" ती म्हणाली. "मी बी अशीच भांडली होती. दीक्षा घेतली अन् मायचे देव पैनगंगेत सोडले. माय दारात येऊन राम राम म्हणे. मी म्हटलं, जय भीम म्हण, तवाच आत ये. तर ती 'जाते' म्हणाली. गेली ते गेलीच."

ताराबाई चाट पडली. देव सोडल्याची गोष्ट प्रयागबाई दर चौदा एप्रिलला विहारात छाती फुगवून सांगायची. हे 'जाते' मात्र तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

विशाखानं उभ्या उभ्याच ठेचा-भाकर खाल्ली. उरलेली फडक्यात बांधून घेतली.

"राहा ना वं," ताराबाईचा आवाज आता पार उतरला होता. "मी ठाण्यातल्या साहेबाच्या पाया पडीन. लाल सलाम म्हण, काई बी म्हण, पण राहा."

विशाखानं तिच्या पिठाच्या हातावर क्षणभर हात ठेवला. मग चप्पल घातली.

"जाते."

"जाते नाई म्हणू, पोरी!" प्रयागबाई बाजेवरून धडपडत उठली. "येते म्हण!"

"तुले कसं फसवू, आजी?" विशाखा हसली आणि निघाली.

दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. कपाशीच्या पऱ्हाटीपार पलीकडे, शेताच्या धुऱ्यावर पोचल्यावर विशाखा वळली. मूठ वर करून ओरडली, "लाल सलाम!" ताराबाईला ते लख्ख ऐकू आलं.

प्रयागबाईनं कानामागं हात धरला. "काय म्हणून राह्यली वं ती?"

ताराबाईनं पिठाचे हात पदराला पुसले.

"येते म्हणते, माय."