फक्त गुणवत्ता

दारावरची पाटी कालच काढून नेली होती, तरी श्रीरंग दातार ते दार शोधत आलेच. आत करुणा खोब्रागडे एकट्याच खोक्यात फायली भरत होत्या. अमेरिकेतल्या त्या सरकारी विद्यापीठात परदेशी आणि कृष्णवर्णीय लोकांच्या पाठीशी उभं राहणारं त्यांचं कार्यालय राज्याच्या नव्या कायद्यानं बंद केलं होतं.

गेल्याच महिन्यात मराठी मंडळाच्या जेवणात त्या कायद्याचा विषय निघाला तेव्हा गणिताचे प्राध्यापक दातार सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बरं झालं! तिकडे आरक्षणानं छळलं, इकडे ही थेरं. आता फक्त गुणवत्ता." करुणाताई नागपूरला राखीव जागेवर शिकल्या, हे दातारांना ठाऊक होतं. करुणाताईंनी ताटातला घास कसाबसा संपवला होता.

आज दातार आत येताच घाईघाईनं बोलू लागले. "माझी बढती नाकारली, ताई. मुलांना माझे उच्चार कळत नाहीत म्हणे. एकवीस वर्षं शिकवतोय मी इथं! तुम्ही विभागप्रमुखांशी बोला ना."

"मला आता तो अधिकार नाही, श्रीरंगराव."

"मग मी जाऊ कुणाकडे?"

त्या जेवणापासून करुणाताईंनी त्यांच्यासाठी एक जळजळीत उत्तर मनात घोटून ठेवलं होतं. ते ओठांवर आलं. पण समोरच्या माणसाचे डोळे भरले होते. त्या खुर्चीत बसल्या आणि तासभर खपून त्यांनी दातारांचा अपील अर्ज लिहून दिला.

दातारांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. दाराशी जाऊन ते थांबले.

"ताई, मी तुमच्याकडे आलो होतो, हे तेवढं कुणाला सांगू नका."