एक्याण्णव

फोनवर ९१ आला आणि तिच्या हातातला रंधा थांबला. बाबांकडून एक्याण्णव? शक्यच नाही.

बापलेकीचा जुना खेळ होता तो. एकानं मूळ संख्या सांगायची, तीही अशी की उलटी केली तरी मूळच राहील. तेरा म्हटलं की दुसऱ्यानं एकतीस म्हणायचं, सदतीसला त्र्याहत्तर. आई मध्येच 'वीस' म्हणायची आणि दोघं पोट धरून हसायचे.

मग लेकीनं गणिताचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि सुतारकामाचं दुकान थाटलं. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बापाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बोलणंच तोडलं त्यांनी. पण दुसऱ्याच महिन्यात घरच्या मोबाइलवरून एक आकडा आला, १०७. पुढे ना शब्द, ना विचारपूस. तीही बापाचीच लेक. बाबा एक शब्द लिहीत नाहीत तोवर उत्तर द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. समोरच्या फळीवर पेन्सिलीनं उलटा आकडा लिहायची आणि त्यावरून रंधा फिरवायची. चार वर्षं असे आकडे आले, दर महिन्याच्या एक तारखेला. त्या दिवशी बाबांच्या आठवणीनं तिचा जीव इतका कासावीस व्हायचा की कामात लक्षच लागत नसे.

आणि आज एक्याण्णव. उलटं केलं की एकोणीस, ते ठीक. पण तेरा साते एक्याण्णव! ही चूक करणाऱ्याला बाबांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. बाबांना काही झालं तर नाही? मानापमान गेला खड्ड्यात, तिनं घरी फोन लावला.

आईनं उचलला. बाबा ठणठणीत होते, पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले होते.

"मग एक्याण्णव कसं पाठवलं त्यांनी?"

आई हळू आवाजात म्हणाली, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. आकडे तीच पाठवत होती, त्यांच्या जुन्या वहीतून उतरवून. वही गेल्या महिन्यात संपली, म्हणून हा तिनं आपल्या मनानं केला होता.

"आई, तू सरळ स्वतःच्या नावानं का नाही गं लिहिलंस?"

"तू वाचलं असतंस," आई म्हणाली. "पण वाट नसती पाहिलीस."