पहिली लाथ

"हेमांगी, चल, टोपी घाल डोक्यात," बिराजदार सर म्हणाले. ज्वारीच्या नव्या वाणाचा शोधनिबंध छापून आला होता. त्यावर ज्यांचं नाव नव्हतं, त्यांच्या डोक्यातून ते काम आज नियमाप्रमाणे या टोपीच्या यंत्राने पुसायचं होतं.

"सर, वाण मी तयार केलाय."

"पण शेवटी बाळंतपणाच्या रजेवर होतीस ना? संचालकांच्या जावयाला लेखकांच्या यादीत बसवायचं, तर कुणाला तरी उठवावंच लागतं."

हेमांगीने मांडीवरच्या मुलीला जवळ ओढलं. "सगळं पुसा, सर. एवढं एकच राहू द्या. कणसांना कागदी पिशव्या बांधत होते, तेव्हा पोटात हिची पहिली लाथ लागली होती."

"आता रोज मारतेय की लाथा!" सर हसले. "यंत्राला असलं निवडणं-टिपणं जमत नाही, बाई."

टोपी उतरल्यावर ती मुलीला कडेवर घेऊन ज्वारीच्या कडेने घरी निघाली. कणसांवरच्या पिशव्या वाऱ्याने फडफडल्या, तशी मुलीने तिच्या पोटावर जोरात लाथ मारली.

"अगं बाई!" हेमांगी कौतुकाने म्हणाली. "बघ तरी, कणसांना टोपडी कुणी घातली गं?"