पितळी बूच

"हे कोणी केलं?"

बाबांचा आवाज एवढा चढला, की सूनबाईच्या हातातली बशी ओट्यावर आपटली.

कॉफीच्या यंत्राचं झाकण उघडं होतं. आत जेमतेम तांब्याएवढा बॉयलर. त्याच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. दाब वाढला की वाफ बाहेर सोडणारा. त्या जागी पितळी बूच घट्ट आवळून बसवलेलं होतं. एकतीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळलेल्या माणसाच्या काळजात धस्स झालं.

"अगं, हा बॉम्ब आहे बॉम्ब! रोज सकाळी तू याच्यासमोर उभी असतेस. कुठल्या गाढवाला बोलावलं होतंत? माझ्या हाताखाली असता, तर कानाखाली जाळ काढला असता त्याच्या!"

"कोणालाच नाही बोलावलं, बाबा."

"मग बूच काय स्वतःच्या पायांनी चालत आलं?"

बाबांनी पाना लावून बूच सोडवलं. आट्यांवर पांढरी टेप होती. तीन वेढे, आणि टोक दुमडून आत खोचलेलं. असं टोक खोचायची खोड त्यांची स्वतःची. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मागच्या रविवारी तुम्हीच उघडलं होतंत," ती हळूच म्हणाली. "क्षार काढलेत. मग थंड पाण्याचा दाब देऊन गळती बघतो म्हणालात. तेवढ्यापुरतं व्हॉल्व्ह काढून बूच लावतात, हेही मला समजावलंत. मला वाटलं, नंतर सगळं जागच्या जागी बसवलं असेल."

"मी? मागच्या रविवारी?" बाबांनी आठवून पाहिलं. रविवार आठवला, चष्मा शोधत बसलेलं आठवलं. यंत्र काही केल्या आठवेना. "क्षार तर मी महिन्यातून एकदाच काढतो. आज महिना भरला म्हणून तर..."

"आठच दिवस झालेत, बाबा."

ते मटकन स्टुलावर बसले. आठ दिवस ती याच यंत्रावर कॉफी करत होती आणि पहिला कप त्यांनाच आणून देत होती. मध्येच कधी दाब वाढला असता तर? भीती वाफेची नव्हती. वाफ त्यांना ठाऊक होती.

ओट्यावरचे पाने त्यांनी एकेक करून उचलले, फडक्यात गुंडाळले आणि तिच्या हातात दिले.

"कुलपात ठेव. व्हॉल्व्ह बसवायला बाहेरचा मिस्त्री बोलाव," ते म्हणाले. "आणि मी मागितले, तर देऊ नकोस. कितीही ओरडलो तरी."