नावाची खूण

आईचा फोन टेबलावर बरणीला टेकवून ठेवलेला होता आणि त्याच्या पोटातले, कॅमेऱ्याचे आकडे वायफायवरून लॅपटॉपवर सरकत होते. मुलगा सकाळपासून त्यांच्याकडे बघत बसला होता. काच पुसून झाली, कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम काढून पुन्हा घालून झाला, फोरमवरच्या अनोळखी माणसांचे सगळे सल्ले पाळून झाले. लिनक्सवर चालणारा, आतलं सगळं उघडून बघता येणारा हा फोन त्यानेच आईच्या गळ्यात मारला होता. कॅमेरा कसा जवळची वस्तू आधी धरतो, हेसुद्धा तिला मोठ्या कौतुकाने शिकवलं होतं.

बिघाड असा होता, की कॉलवर आईचे हात स्वच्छ दिसत आणि चेहरा पुसट. दुसऱ्या घरात हे खपून गेलं असतं. पण आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिचं सगळं बोलणं हातांनी, आणि त्या भाषेत हात नुसते शब्द सांगतात. ते खरे की वरवरचे, ते चेहरा सांगतो. वडील जाऊन आठ महिने झाले होते. दर रविवारी त्याच्या कॉलवर आईचे हात सांगत, मी मजेत आहे, तू तुझं काम बघ. गेल्या आठवड्यात शेजारणीने कळवलं, की तुझी आई दिवसदिवस दार उघडत नाही, दिलेला डबा तसाच परत येतो.

रजा काढून धावत आला तो आईला बघायला, आणि बघत बसला फोन. संध्याकाळी परत निघायचं होतं. आई तशी हसतमुख होती, पण समोर फार वेळ थांबत नव्हती. सारखी काही ना काही निमित्ताने ओट्याकडे वळायची, आणि तिने पाठ फिरवली की बोलणं संपलंच. मघाशी जाता जाता तिने त्याला चिडवलंही, एवढ्या वेळात मी चार पुस्तकं बांधली असती. तीस वर्षं ती बायंडिंगच्या कारखान्यात होती.

अकराला मावशीचा कॉल आला. मावशीही आईसारखीच, न ऐकणारी. दोघी बहिणी गप्पांना बसल्या की जगाला दाद देत नसत. आई बोलत होती आणि लेन्सचा आकडा दोनशे वीसवर ठाण मांडून बसला होता. दोनशे वीस म्हणजे हातभर अंतर, बरोबर आईचा चेहरा. वीस मिनिटांत तो जेमतेम हलला.

मुलाने मागच्या रविवारांच्या नोंदी उघडल्या. तोच फोन, तीच बरणी. सुरुवातीला दोनशे वीस, मग दोघांचं बोलणं सुरू झालं की लगेच चारशे ऐंशी, म्हणजे काचेपासून वीतभर. मधूनच एखादा सेकंद आकडा दोनशे वीसवर यायचा आणि परत जायचा. हा गचका कशाचा, ते काही त्याला उमगेना.

शेवटी त्याने सरळ उपाय केला. लेन्स दोनशे वीसवर बांधून टाकणारी एक ओळ लिहिली. एंटर दाबला की कॅमेरा चेहरा सोडून दुसरं काही धरणार नव्हता. त्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून आपला फोन आणि लॅपटॉप घेऊन तो आतल्या खोलीत गेला, दार लोटलं आणि आईला कॉल लावला.

आई पडद्यावर आली. लगेच तिने दोन्ही हात पुढे केले. मावशीशी बोलताना ते छातीशी होते. आता कोपरं ताणून, काचेला जवळजवळ टेकवून ती बोलत होती. अंगठ्यावरचा सुरीचा जुना व्रणसुद्धा दिसत होता. हात म्हणाले, "माझं छान चाललंय. तू निर्धास्त जा."

चारशे ऐंशी. फोन बिचारा इमानाने चालला होता. जे पुढे धरलं ते दाखवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मुलाला आधी स्वतःची लाज वाटली, मग आठवलं, कॅमेरा जवळचं आधी धरतो हे आईला त्यानेच शिकवलं होतं.

"सावकाश जा," हात म्हणाले, आणि आईने त्याचं नाव घेतलं. या घरात ऐकू येणारा तो एकटाच, म्हणून तो वर्षाचा असताना तिने ही खूण ठेवली होती: कानाची पाळी दोन बोटांत धरून हलकेच ओढायची. त्यासाठी हात कानाशी न्यावाच लागतो. दुसराही आपोआप खाली गेला. आकडा दोनशे वीसवर आला आणि सेकंदभर आईचा चेहरा लख्ख दिसला. पापण्या सुजलेल्या होत्या, गाल ओले होते. मग हात पुढे आले.

तो गचका नव्हता. दर रविवारी, जितक्या वेळा तिने नाव घेतलं तितक्या वेळा ती त्याला दिसली होती.

लिहिलेली ओळ एंटरची वाट बघत होती. त्याने ती खोडून टाकली. उठून बाहेर जावंसं वाटलं, पण गेला असता तर तिने डोळे पुसून ओट्याकडे तोंड केलं असतं.

हात विचारत होते, झाला का दुरुस्त?

त्याने आपले हात छातीशी घेतले, तिला त्याचा चेहरा दिसेल असे. डोळे पुसले नाहीत.

"झाला," तो म्हणाला. "आता माझं नाव घे ना, आई. सावकाश घे."

बराच वेळ तिचे हात काचेपाशी तसेच राहिले. मग लॅपटॉपवरचा आकडा उतरू लागला.